पाचवीच्या वर्गातील सहा दिवस

जानेवारी २००५ मधील एका आठवड्याची पाठ टाचणांची वही आमच्यापाशी अजून आहे. आम्ही त्या वेळी सोलापुरात बी.एड. करीत होतो. इंग्रजी हा आमचा अध्यापनाचा विषय. सराव पाठांसाठी शहराच्या पूर्व भागातील एका मराठी शाळेत पाचवीची एक तुकडी आमच्या वाट्याला आली होती. सोमवार ते शनिवार, रोज एक तास, असे सहा पाठ. व्याख्यानमालेच्या मंडळींनी 'मुलांना इंग्रजी का येत नाही' या विषयावर काही सांगावे असे सुचविले, तेव्हा आम्ही ही वही काढून पुन्हा वाचली. हा प्रश्न विचारला जातो तेव्हा उत्तरे बहुधा आधीच तयार असतात. मुले लक्ष देत नाहीत, पुस्तक अवघड आहे, शिक्षकालाच येत नाही. यांतले तिसरे उत्तर आमच्यापुरते तरी खरे होते. ते कोणत्या अर्थाने खरे होते, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आपल्या सोलापुरात चार भाषा नांदतात हे येथे कोणाला सांगावयास नको. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. हातमाग मागे पडले, यंत्रमाग आले, गिरण्यांचे भोंगे बंद झाले, पण घरातली तेलुगू बंद झाली नाही. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर या बाजूंनी कानडी शहरात येते. खरे म्हणजे ती बाहेरून आलेलीच नाही. ज्या सिद्धरामेश्वरांना हे गाव आपले ग्रामदैवत मानते, त्यांची बाराव्या शतकातील वचने कानडीत आहेत. मुसलमान वस्तीत दख्खनी बोलतात. आणि शाळा, कचेरी, वर्तमानपत्र यांची भाषा मराठी. मंडईत एकच बाई पाच मिनिटांत तीन भाषांत भाव करताना ऐकू येते आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही.

आता आम्ही कोणती शिदोरी घेऊन वर्गात गेलो तेही सांगितले पाहिजे. आमच्या वडिलांची पिढी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकली. मराठी वाक्य घ्यावयाचे, शब्दाला शब्द लावावयाचा, नियम पाठ करावयाचा. त्या पुस्तकाने कित्येक घरांत शिक्षकाची उणीव भरून काढली, आणि त्याला नावे ठेवणे आम्हांस आवडत नाही. परंतु त्या वाटेने गेलेल्याला इंग्रजी लिहिता येते आणि बोलताना मात्र घाम फुटतो, हा अनुभवही तितकाच खरा आहे. पुढे वारे फिरले. १९५८ साली हैदराबादेत केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली. वाक्यांचे साचे सोप्याकडून अवघडाकडे लावून तोंडी सराव घेण्याची जी रचनात्मक पद्धत त्या काळात रूढ झाली, तीच थोड्याफार फरकाने आमच्यापर्यंत पोचली. महाविद्यालयात आम्हांला बजावून सांगितले होते की, इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द काढावयाचा नाही. टाचणाला हर्बार्टच्या अनुयायांच्या पंचपदीचा सांगाडा होताच: प्रस्तावना, प्रतिपादन, तुलना, नियम, उपयोजन. प्रत्येक पायरीसमोर मिनिटे लिहिलेली.

इंग्रजी कितवीपासून शिकवावे यावर आपल्याकडे सरकारे बदलली तशी मते बदलली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात ते आठवीपासून होते, पुढे ते पाचवीवर आले, आणि जून २००० पासून महाराष्ट्रात ते पहिलीपासून सुरू झाले. आमच्यापुढची मुले म्हणजे पहिलीपासून इंग्रजी शिकून पाचवीत आलेली पहिलीच तुकडी. त्यामुळे शाळेलाही त्यांच्याविषयी कुतूहल होते आणि आमच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनाही.

सोमवारचा पाठ फुकट गेला, त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. आम्ही घाबरलो होतो. चाळीस मिनिटांचे टाचण बावीस मिनिटांत संपले आणि उरलेल्या वेळात आम्ही मुलांची नावे विचारीत बसलो. त्यातच सहज विचारले की, घरी कोणती भाषा बोलता? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "मराठी." शाळेत हेच उत्तर द्यावयाचे असते अशी त्यांची समजूत असावी. मग आम्ही म्हटले, आई रागावते तेव्हा कोणत्या भाषेत रागावते? तेव्हा हशा झाला आणि हात वर आले. निम्म्याच्या आसपास तेलुगू, मराठी त्याहून कमी, काही कानडी, काही दख्खनी. आम्ही ते टिपून घेतले आणि विसरलो. टाचणात त्यासाठी रकाना नव्हता.

मंगळवारी 'हॅव' हे क्रियापद होते. 'आय हॅव टू ब्रदर्स', 'आय हॅव अ पेन', 'आय हॅव फीव्हर'. आम्ही फळ्यावर तीन वाक्ये लिहिली, म्हणून घेतली, मग मुलांना स्वतःविषयी सांगावयास लावले. जे ऐकू आले ते असे होते: 'मी टू ब्रदर्स आर', 'टू मी टू ब्रदर', 'नियर मी पेन इज'. वर्ग कच्चा आहे असे आम्ही मनाशी ठरवून टाकले.

परंतु ही वाक्ये जरा थांबून पाहण्यासारखी आहेत. मराठीत 'हॅव' ला क्रियापदच नाही. आपण म्हणतो, 'मला दोन भाऊ आहेत'. येथे कर्ता भाऊ. 'मी' चतुर्थीत उभा. भाऊ, ताप, वेळ, जमीन या गोष्टी माणसाला 'असतात'. पेन, पिशवी, पैसे या गोष्टी माणसाजवळ किंवा माणसाकडे 'असतात'. नाते आणि दुखणे एका बाजूला, हातात धरता येणारी वस्तू दुसऱ्या बाजूला, असा भेद आपण न शिकताच पाळतो. आता तेलुगू पाहा. 'नाकु इद्दरु अन्नलु उन्नारु', म्हणजे मला दोन भाऊ आहेत. आणि पेन असेल तर 'ना दग्गर', माझ्याजवळ. कानडीत भाऊ 'ननगे', मला. पेन 'नन्न हत्तिर', माझ्याजवळ. दख्खनीत भाऊ 'मेरेकू' आणि पेन 'मेरे पास'. चारही भाषांत तोच भेद, तीच ठेवण, क्रियापद शेवटी. शब्द तेवढे वेगळे. इंग्रजी मात्र भाऊ, ताप आणि पेन एकाच 'हॅव' च्या दावणीला बांधते आणि 'मी' ला मालक करून टाकते. ज्या मुलाने 'नियर मी पेन इज' म्हटले, त्याने चार इंग्रजी शब्द बरोबर निवडून आपल्या घरच्या साच्यात नीट बसविले होते. तो कच्चा नव्हता. साचा दुसरा आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि मराठी बोलावयाची नाही असे ठरवून गेल्यामुळे आम्हांला ते सांगता येत नव्हते.

तेलुगू आणि कानडी या द्राविडी कुळातल्या. मराठी आणि दख्खनी आर्य कुळातल्या. कुळे वेगळी असून ठेवण सारखी कशी, याची उकल भाषाशास्त्रज्ञांनी फार पूर्वी केलेली आहे. एमेनो या पंडिताने १९५६ साली एक निबंध लिहून दाखवून दिले की, भारतातील वेगवेगळ्या कुळांच्या भाषा हजारो वर्षे शेजारी राहून एकमेकींसारख्या झाल्या आहेत. आणि याचा सर्वांत रोखठोक पुरावा आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातला आहे. गंपर्झ आणि विल्सन या दोन अभ्यासकांनी तेथील एका गावाची पाहणी करून १९७१ साली ती प्रसिद्ध केली. गावाला त्यांनी कुपवार असे म्हटले आहे. तेथे कानडी, मराठी, उर्दू आणि थोडी तेलुगू बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहत होती. घरात प्रत्येकाने आपली भाषा टिकविली, पण बाहेर रोज एकमेकांशी बोलून बोलून या भाषांची वाक्यरचना इतकी एकसारखी झाली होती की, एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता येई. तर्खडकरांची पद्धत जगात कोठे पूर्णपणे लागू पडत असेल तर ती त्या गावात. मराठीतून कानडीत असे जाता येते, म्हणून मराठीतून इंग्रजीतही जाता येईल, असे सोलापूरच्या मुलाला वाटले तर त्यात त्याचा काय दोष? त्याने आजवर ज्या ज्या भाषा शिकल्या, त्या अशाच शिकल्या.

मंगळवारची आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. भिंतीकडेच्या बाकावर एक मुलगा बसे. 'हाऊ मेनी ब्रदर्स?' या प्रश्नाला त्याने उभा राहून नीट उत्तर दिले, 'आय हॅव वन ब्रदर'. त्या तासाला क्रियापद बरोबर आलेले ते जवळजवळ पहिलेच वाक्य. इतक्यात मागून कोणी तरी ओरडले, "खोटं, सर! याला दोन आहेत. एक पहिलीत आहे." वर्ग हसला, तो खाली बसला. आम्हांला वाटले, मोजण्यात चुकला. त्याच्या घरी तेलुगू. तेलुगूत नुसता 'भाऊ' असा रोजच्या वापरातला शब्दच नाही. थोरला तो 'अन्न', धाकटा तो 'तम्मुडु'. कानडीतही तसेच, 'अण्ण' आणि 'तम्म'. कोणी तरी केव्हा तरी 'ब्रदर म्हणजे अन्न' असे त्याला सांगितले असणार, आणि अन्न त्याला एकच होता. त्याचे उत्तर त्याच्यापुरते खरे होते. हे आम्हांला त्या दिवशी कळले नाही.

बुधवारी आम्ही महाविद्यालयाचा टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. उच्चारांची ध्वनिफीत होती. फितीवरचा माणूस म्हणे, मुले मागोमाग म्हणत. पाठाच्या मध्यावर वीज गेली. त्या वर्षी भारनियमन होते, आणि त्याची वेळ आम्ही टाचणात धरली नव्हती. तेव्हा उरलेले उच्चार आम्ही आपल्या तोंडाने सांगू लागलो. 'लेट मी गो' हे वाक्य होते. भिंतीकडेच्या त्या मुलाने ते म्हटले, पण 'लेट' मधला स्वर त्याने तोडल्यासारखा आखूड केला. आम्ही त्याला थांबविले आणि सांगितले, "लेट, नीट म्हण." त्याने पुन्हा आखूड म्हटले. आम्ही पुन्हा सुधारले. चार वेळा असे झाले. पाचव्या वेळी त्याने आमच्यासारखे म्हटले आणि आम्ही "गुड" म्हटले. मागे बसलेल्या मार्गदर्शकांनी वहीत शेरा दिला: 'उच्चारसराव चांगला घेतला.'

त्या संध्याकाळी वसतिगृहाच्या कट्ट्यावर आम्ही ही हकीकत आमच्या एका सहाध्यायाला सांगितली. तो सोलापूरचाच, घरी तेलुगू. त्याने विचारले, "तू काय म्हणालास ते म्हणून दाखव." आम्ही म्हटले. तो हसला आणि म्हणाला, "तू 'लेट' म्हणतोस का 'लेट'?" आम्हांला दोन्ही एकच ऐकू आले. मग त्याने कागदावर तेलुगूची दोन अक्षरे काढून दाखविली. मराठीत 'इ' ऱ्हस्व आहे आणि 'ई' दीर्घ आहे, 'उ' आणि 'ऊ' आहेत, पण 'ए' एकच. तेलुगूत आणि कानडीत 'ए' दोन आहेत, एक ऱ्हस्व, एक दीर्घ, आणि 'ओ' सुद्धा दोन. त्या भाषांत एवढ्याशा फरकाने शब्दाचा अर्थ बदलतो, म्हणून तिथले मूल हा फरक आईच्या मांडीवरच शिकते. इंग्रजीतही 'परवानगी देणे' या अर्थाचा 'लेट' आणि 'उशिरा' या अर्थाचा 'लेट' हे दोन निराळे शब्द आहेत. पहिल्यातला स्वर आखूड, दुसऱ्यातला लांब आणि शेवटी किंचित वळणारा. 'मिळवणे' चा 'गेट' आणि फाटकाचा 'गेट', लिहावयाचे 'पेन' आणि दुखण्याचे 'पेन', 'सांगणे' आणि 'गोष्ट' हे दोन 'टेल', सगळ्यांची हीच कथा. मराठी कानाला या जोड्या एकच वाटतात, आणि मराठी लिपीत त्या वेगळ्या लिहिण्याची सोयही नाही. हे लिहिताना आम्हांला तेच अक्षर दोनदा काढावे लागत आहे, हे वाचकांनी पाहिलेच असेल.

म्हणजे त्या मुलाचा उच्चार बरोबर होता. त्याने फितीवरच्या माणसाचे ऐकले होते, आम्ही ऐकले नव्हते. आम्ही चार वेळा प्रयत्न करून त्याचे बरोबर ते चुकीचे करून घेतले आणि शाबासकी दिली. गुरुवारी आणि शुक्रवारी तो मुलगा आमच्या तासाला एक शब्दही बोलला नाही.

उलट बाजूही आहेच, ती लपविण्याचे कारण नाही. तेलुगू व कानडी घरांतली मुले 'बस' ला 'बस्सु' आणि 'बुक' ला 'बुक्कु' म्हणतात, कारण त्या भाषांना शब्दाच्या शेवटी स्वर लागतो. दख्खनी बोलणारे मूल 'स्कूल' च्या आधी 'इ' लावून 'इस्कूल' करते. मराठी मूल 'स्कूल' सहज म्हणते, पण प्राणिसंग्रहालयाला 'झू' म्हणते आणि इंग्रजीतले दोन 'व' त्याला एकच वाटतात. प्रत्येक भाषा आपल्या लेकराला काही देते, काही देत नाही. रॉबर्ट लॅडो यांनी १९५७ साली हेच शास्त्र म्हणून मांडले. मातृभाषा आणि शिकावयाची भाषा शेजारी ठेवून तुलना केली तर मूल कोठे अडेल हे आधीच सांगता येते, असे त्यांचे म्हणणे. पुढे त्या मतातील अतिरेक दुरुस्त झाला, कारण मुले तुलनेत न बसणाऱ्या चुकाही करतात. परंतु आमच्या अभ्यासक्रमात ही तुलना होती ती मराठी आणि इंग्रजी यांची. समोरच्या निम्म्या वर्गाची मातृभाषा मराठी नाही, हे पुस्तक लिहिणाऱ्याच्याही लक्षात आले नव्हते आणि सोमवारी स्वतः विचारूनही आमच्याही नाही.

गुरुवारी सर्वनामे. वर्गात मराठी आणावयाची नाही हा नियम आम्ही बुधवारच्या रात्रीच मोडावयाचे ठरविले होते. फळ्यावर दोन रकाने पाडले. 'आय' म्हणजे मी, 'वुई' म्हणजे आम्ही, 'यू' म्हणजे तू किंवा तुम्ही. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, 'वुई' म्हणजे तुम्हाला धरून, का तुम्हाला सोडून?"

मुले हसली. आम्हांलाही प्रश्न कळला नाही. तेव्हा तिने समजावून सांगितले, अगदी मोठ्या माणसाने लहानाला सांगावे तसे. "आम्ही गड्ड्याला चाललो म्हटलं तर तुम्ही येणार नाही. आपण गड्ड्याला चाललो म्हटलं तर तुम्ही पण येणार. मग इंग्लिशमध्ये काय म्हणायचं?"

आम्ही मराठीत वाढलो, मराठीत विचार करतो, आणि हा भेद जन्मभर पाळूनही आमच्या तो कधी ध्यानात आला नव्हता. ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि त्याला पोटात घेणारे 'आपण'. त्या मुलीच्या तेलुगूत हेच 'मेमु' आणि 'मनमु' असे आहे. दख्खनी बोलणारे 'हम' आणि 'अपन' असा फरक करतात. मराठीत आणि गुजरातीत हा भेद द्राविडी भाषांच्या शेजारामुळे आला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. गंमत अशी की, आजच्या कानडीत मात्र तो उरलेला नाही. तेथे एकच 'नावु' दोन्हींकडे चालतो. वर्गातल्या कानडी मुलांना तो प्रश्नच का पडला नाही हे त्यावरून कळते. इंग्रजीतही 'वुई' एकच. साहेबाला वेगळेपणा दाखवावयाचा असला तर 'ऑल ऑफ अस' म्हणावे लागते, किंवा 'यू अँड आय' म्हणून माणसे मोजावी लागतात. (या लेखात आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणत आहोत, तेही श्रोत्यांना सोडूनच, व्यासपीठावरची ती जुनी खोड आहे.)

तरी इंग्रजीत हा भेद अगदीच नाही असे नाही, आणि त्याचे उत्तर आम्हांला फार उशिरा सापडले. 'लेट्स गो' म्हटले की त्याचा अर्थ 'चला, आपण जाऊ' एवढाच होतो. ऐकणारा त्यात असलाच पाहिजे. पण 'लेट अस गो' असे सुटे करून म्हटले तर 'आम्हांला जाऊ द्या' असाही अर्थ होतो, आणि मग ऐकणारा बाहेर राहतो. म्हणजे बुधवारच्या वाक्यात गुरुवारचे उत्तर होते. त्या मुलीला आम्ही ते त्या दिवशी देऊ शकलो नाही. आम्ही म्हणालो, "दोन्ही." ती खाली बसली, पण तिचे समाधान झालेले दिसले नाही.

शुक्रवारी आम्ही टाचण बाजूला ठेवले. सिद्धेश्वराची यात्रा होऊन गेली होती, होम मैदानावर गड्डा अजून भरलेला होता, आणि मुलांच्या डोक्यात दुसरे काही नव्हते. फळ्यावर आम्ही मैदानाचा नकाशा काढला. तळे, देऊळ, किल्ला, मधे दुकानांच्या रांगा, पाळणा, मौत का कुआँ. मग म्हटले, एकाने हरवलेल्या मुलाचे सोंग घ्यावे, दुसऱ्याने इंग्रजीत वाट सांगून त्याला पाळण्यापर्यंत न्यावे. वर्ग बाकांवरून उतरून फळ्यापाशी आला. 'सर, ही राँग साइड गोइंग!' 'नो नो, टेंपल बिहाइंड कम!' 'आय यस्टरडे गड्डा इन वेंट.' एकही वाक्य धड नव्हते आणि तासभर कोणी गप्पही नव्हते. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत एक प्रयोग केला होता. मुलांपुढे नकाशा, वेळापत्रक असे काही सोडवावयाचे काम ठेवावे, भाषेचा नियम मुळीच सांगू नये. मूल अर्थात गुंतले की भाषा मागून येते, असे त्याचे सूत्र. त्यावेळी आम्हांला प्रभूंचे नाव परीक्षेपुरते माहीत होते. शुक्रवारच्या पाठावर मार्गदर्शकांचा शेरा आहे: 'वर्गनियंत्रणाकडे लक्ष द्यावे. चुका सुधारल्या नाहीत.' शेरा खोटा नाही. आम्ही खरोखरच एकही चूक सुधारली नाही. बुधवारनंतर धीर होत नव्हता.

घरी येऊन मात्र आम्ही त्या चुका आठवून आठवून वहीत लिहिल्या. 'टेंपल बिहाइंड', 'गड्डा इन'. आपण देवळा'मागे' म्हणतो, गड्ड्या'त' म्हणतो. संबंध दाखविणारा शब्द नामाच्या पाठीशी. तेलुगू, कानडी, दख्खनी यांतही तसेच. इंग्रजीत तो नामाच्या पुढे चालतो. चार घरांतून आलेल्या मुलांची चूक एकच होती, आणि ती त्यांच्या घरच्या नियमाला धरून होती. पिट कॉर्डर यांनी १९६७ साली लिहिलेल्या एका निबंधात म्हटले आहे ते हेच: शिकणाऱ्याची चूक म्हणजे तो सध्या मनाशी कोणता नियम धरून चालला आहे त्याचा पुरावा. शिक्षकाने लाल शाईने ती खोडली की पुरावा नाहीसा होतो, नियम मुलाच्या डोक्यात तसाच राहतो. सबंध आठवड्यात आम्ही दिलेल्या धड्यांपेक्षा शुक्रवारच्या या दोन पानांतून वर्गाची अधिक माहिती मिळते.

आज याच पूर्व भागात पालकांचा ओढा इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे आहे. मागावर किंवा विडीवर राबणारी आई पोटाला चिमटा घेऊन मुलाची फी भरते, ती त्याला इंग्रजी यावे म्हणून. तिला दोष देण्याचा अधिकार आम्हांला वाटत नाही. परंतु माध्यम बदलल्याने मुलाच्या घरातली भाषा बदलत नाही. मराठी शाळेत निदान पाटीवर एक ओळखीची भाषा असते. इंग्रजी शाळेत घरी एक, गल्लीत दुसरी आणि फळ्यावर तिसरी, आणि या तिघींची गाठ घालून देणारे कोणी नसते. शिक्षकाला चारही भाषा याव्यात अशी अपेक्षा कोणी करणार नाही. आम्हांला आजही तेलुगू बोलता येत नाही. परंतु 'ए' किती, 'आम्ही' किती, भाऊ थोरला की धाकटा आणि क्रियापद कोठे, एवढे चार प्रश्न वर्गातल्या मुलांना विचारावयास एक तास पुरतो. मुलांना ते सांगावयास फार आवडते. त्यांच्या घरच्या भाषेविषयी शाळेत कोणी विचारलेले नसते.

शनिवारी सकाळची शाळा. आम्ही ठरवून गेलो होतो की, आज भिंतीकडेच्या मुलाला पुढे बोलवावयाचे, त्याच्याकडून 'लेट' आणि 'लेट' म्हणवून घ्यावयाचे आणि बुधवारी चूक आमची होती हे वर्गासमोर सांगावयाचे. हजेरी घेताना त्याच्या नावाला उत्तर आले नाही. शेजारचा मुलगा म्हणाला, "लग्नाला गेलाय, सर. सिद्दिपेटला." तेव्हा आम्ही दोन तेलुगू मुलींना आणि एका कानडी मुलाला पुढे बोलाविले. फळ्यावर चार चित्रे काढली: लेखणी, दुखणारे पोट, फाटक, हातात घेतलेले पुस्तक. त्यांनी शब्द म्हणावयाचा, बाकीच्यांनी चित्राकडे बोट दाखवावयाचे. आधी त्यांचीही गल्लत झाली, कारण चार वर्षे त्यांना मराठी शिक्षकांनी शिकविले होते. मग 'तुमच्या घरचा ए' असे म्हटल्यावर ती तिघे लगेच जमवू लागली. मराठी मुलांची बोटे भलत्याच चित्रांकडे जात आणि वर्ग खदखदून हसे. एकदा आम्हीही डोळे मिटून ऐकले आणि चुकलो. गुरुवारची ती मुलगी आम्हांला म्हणाली, "पुन्हा म्हणू का, सर?" आणि तिने पुन्हा म्हटले, या वेळी सावकाश.

सोमवारपासून त्या वर्गावर दुसरा छात्राध्यापक येणार होता. आम्ही त्याला त्या मुलाचे नाव आणि बाक सांगितला आणि बुधवारचा निरोप द्यावयास सांगितले. त्याने तो आपल्या टाचणाच्या वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतला.